वाळवंटातील तारांगण

प्रश्न : जानेवारीत अमावास्येच्या सुमारास कुटुंबासह जैसलमेरला जाण्याचा विचार आहे. वाळवंटात कोठूनही आकाशगंगा ठळक दिसते ना? समच्या तंबूंत मुक्काम पुरेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तिथीची निवड उत्तम आहे, मात्र आकाशाचा काळोख वाळूमुळे नव्हे, तर दिव्यांपासूनच्या अंतरामुळे मिळतो, आणि शहराच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवरील सम येथे हंगामात तंबूंचे दिवे रात्रीही आकाश उजळतात. त्यापेक्षा नैर्ऋत्येकडील खुरी परिसरात, अंगणातील दिवे मालवण्यास तयार असलेल्या यजमानाकडे उतरणे कितीतरी फलदायी ठरते. आकाशगंगेचा धनु राशीकडील तेजस्वी केंद्रभाग जानेवारीत सूर्याच्याच दिशेला असल्याने रात्री दिसत नाही. परंतु कृत्तिका, मृग आणि दक्षिण क्षितिजाजवळचा अगस्त्य हे वैभव मुळीच उणे नाही, शिवाय मृगातील तेजोमेघ, म्हणजे नवे तारे जन्माला घालणारा वायू व धुळीचा ढग, साध्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही दिसतो. रात्री थंडी कडक असते, तेव्हा मुलांना लोकरीचे कपडे हवेतच. सीमेकडील प्रतिबंधित भागात परवानगीशिवाय आणि टेकड्यांवर स्थानिक माणसाच्या सोबतीशिवाय अंधारात जाऊ नये.