आमच्या काळी

मंडळी, नंदनवन म्हणजे इंद्राची बाग, असे आपण कथा-कीर्तनात ऐकतो. मी राहतो ते नंदनवन नागपूर शहराच्या पूर्व अंगाला आहे. तेथे इंद्र नाही आणि बागही नाही. घराला घर लागून आहे. मी खेड्यापाड्यांतल्या शाळांत नोकरी केली, शेवटी हेडमास्तर झालो आणि वय झाले म्हणून घरी बसलो. घरी बसून करमेना. म्हणून संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग घेतो. उमरेड, कुहीकडची खेडी सोडून पोटासाठी शहरात आलेली वीस-बावीस माणसे वर्गाला येतात.

एके दिवशी फळ्यावर मी शब्द लिहिला : काळ. "या शब्दाचे एक वाक्य करा," असे म्हटले. मागे बसलेले एक काकाजी लगेच म्हणाले,

"आमचा काळ बरा होता."

वाक्य बरोबर होते. साऱ्या वर्गाने माना हलवल्या. खरे सांगतो, माझीही मान हलली.

मग काकाजी बोलतच सुटले. "रुपयाला काय काय येत होतं जी! नाग नदीचं पाणी माणसं पीत होती. शेजारी शेजाऱ्याच्या हाकेला धावत होता. आणि पोरी घरच्यांच्या शब्दाबाहेर जात नव्हत्या."

शेवटचे वाक्य जरा जोरात आले. त्याचे कारण मला ठाऊक होते. त्यांची नात बारावी पास झाली होती. तिला वर्ध्याला नर्सचे शिक्षण घ्यायचे होते. तेथे होस्टेलात राहावे लागणार होते. मुलीचा बाप वारलेला. घरात शब्द चाले तो काकाजींचा, आणि काकाजी नाही म्हणत होते. फॉर्म भरायला चारच दिवस उरले होते.

म्हणजे हा काही रिकामपणचा वाद नव्हता. मी पुस्तक मिटले आणि म्हटले, "चला, एकेक गोष्ट घेऊ."

आधी रुपयाची गोष्ट. १९६६-६७ साली सरकारने गव्हाला हमीभाव दिला, तो क्विंटलला ५४ रुपये होता. म्हणजे किलोला ५४ पैसे. ऐकायला किती स्वस्त! पण मजुरी किती होती? माझे वडील दुसऱ्याच्या शेतात राबत. दिवस बुडेपर्यंत काम केले म्हणजे दीड रुपया हातावर पडे. १५० पैशांत गहू आला किती? पावणेतीन किलो. खाणारी तोंडे आठ. आता आजकालचा हिशेब करा. २०२४-२५ साली गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,२७५ रुपये होता आणि महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. भागाकार केला तर तेरा किलो येतात. बाजारात गहू हमीभावाने मिळत नाही, हे मलाही कळते. तेव्हाही मिळत नव्हता. पण पावणेतीन आणि तेरा यांत फरक आहे की नाही? आपण जुना भाव सांगतो तेव्हा जुनी मजुरी सांगायचे विसरतो. आमच्या घरी गहू सणालाच येई, ही गोष्ट वेगळीच.

काकाजी म्हणाले, "मग आमच्या बापाचा काळ तरी बरा असंल."

बरे, त्यांच्या बापाचा काळ पाहू. १९१८ साली तापाची साथ आली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. घरेच्या घरे रिकामी झाली. सरकार तेव्हा दर दहा वर्षांनी माणसे मोजत असे. १९११ साली हिंदुस्थानात माणसे होती २५ कोटी २१ लाख. १९२१ साली मोजली तर भरली २५ कोटी १३ लाख. दहा वर्षांत किती लेकरे जन्मली असतील! तरी आकडा वाढला नाही, उलट घटला. मानमोडीच्या आधी, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या साली आपल्या या मुलखात मोठे दुष्काळ पडले. त्याच्याही मागे, भोसल्यांच्या राज्यात, पेंढारी घोड्यांवरून येत आणि गावे लुटून जाळून जात. १८१७-१८ साली ते मोडले गेले. आता आणखी किती मागे जायचे? मागे मागे गेले तर सत्ययुग लागते. पण ते पाहिलेला माणूस आमच्या वर्गात कोणी नव्हता.

तरीही मान हलतेच. ती का हलते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझीच गोष्ट सांगतो.

लहानपणी पहाटे मला जात्याच्या आवाजाने जाग येई. माय दळायला बसे. सोबत ओव्या म्हणे. मी तिच्या मांडीवर डोके टेकून पुन्हा झोपी जाई. त्या ओव्यांसारखे गोड मला पुढे काही लागले नाही. मोठेपणी, नोकरी लागल्यावर, मी एकदा मायला म्हणालो, "माय, तू आता ओव्या का म्हणत नाहीस?" ती म्हणाली, "आता गावात चक्की आली ना, बापा." मी म्हटले, "पण ते दिवस किती चांगले होते!" माय माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुले गाणं ऐकू येत होतं. मले जातं ओढा लागत होतं."

मी त्या दिवशी मुकाट बसलो. आठ माणसांचे पीठ रोज पहाटे काढायचे, मग पाणी भरायचे, मग शेतावर जायचे. झोपेत मी होतो, म्हणून मला तो काळ गोड. आपण ज्याला आमचा काळ म्हणतो, तो बहुधा आपले लहानपण असते. तेव्हा आपल्या वाटचे ओझे दुसरेच कोणी वाहत होते.

आमच्या घरी हे ओझे वाहणारी आणखी एक होती. माझी मोठी बहीण. तिची बुद्धी माझ्याहून तल्लख. पाढे मी तिच्याच तोंडून ऐकून शिकलो. ती चौथीत असताना धाकटा भाऊ झाला. त्याला सांभाळायला कोण? बहिणीची शाळा सुटली. माझी चालू राहिली. मी चिमणीच्या उजेडात जुनी अकरावी मॅट्रिक झालो. त्या चिमणीत रॉकेल घालण्यासाठी तीही बायांबरोबर कापूस वेचायला जात होती. पुढे तिचे लग्न झाले, लेकरे झाली, आणि अक्षरे ती विसरून गेली. एकदा तिने मला पत्र पाठवले, ते शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेले होते. खाली अंगठा होता. ते पत्र माझ्याजवळ अजून आहे. असे एकट्या आमच्याच घरी झाले नाही. १९५१ साली आपल्या देशात शंभर बायांत नऊ बायाही वाचू शकत नव्हत्या. २०११ साली शंभरांत चौसष्ट-पासष्ट वाचू लागल्या.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा काकाजींची बायको समोरच्या रांगेत होती. दोघेही वर्गाला येतात, पण दूर दूर बसतात. ती कधी बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "गुरुजी, मी बोलू का जी?"

"बोला ना, बाई."

"मले चार लेकरं झाले. यायले इचारा, किती राहिले."

काकाजी खाली बघू लागले.

"दोन राहिले. एक पोरगी गोवरानं गेली. तिच्या पाठचा पोरगा हगवणीनं गेला. तीन दिवसांत सुकून गेला. पाणी पाजू नका म्हणत होते सारे. मी नाही पाजलं."

एवढे बोलून तिने पदर डोळ्यांना लावला. वर्गात कोणी हलले नाही.

मंडळी, हे ऐकून ठेवा. हगवणीत लेकराच्या अंगातले पाणी जाते, आणि म्हणूनच ते दगावते. १९७१ साली बांगलादेशातून पळून आलेल्या लोकांच्या छावणीत पटकी पसरली. सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा घातलेले पाणी पाजून पुष्कळांचे प्राण वाचवले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एवढेच. दवाखान्यात पाकीटही मिळते. पाजत पाजत दवाखाना गाठावा. त्या बाईची चूक नव्हती. तेव्हा हे तिला सांगायला घरी कोणी नर्स आली नव्हती.

सरकारी आकडा असा की १९५१ च्या सुमारास जन्मलेल्या हजार लेकरांतली १४६ वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला. म्हणजे २०२० सालीही २८ जातच होती. पण १४६ कुठे आणि २८ कुठे! माझ्या वर्गातल्या तिघा पोरांच्या तोंडावर देवीचे व्रण होते. मे १९७५ नंतर भारतात देवीचा एकही रोगी निघाला नाही. आता शाळेत कोणाला देवीचे व्रण दाखवायचे म्हटले तर माणूस सापडत नाही.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी बोललो नाही, ती इथे लिहितो. शेजारी हाकेला धावत होता, हे खरे. पण कोणत्या शेजाऱ्याला कोणत्या विहिरीवर पाणी भरू देत, हेही आठवावे. आमच्या गावात काही बाया विहिरीपाशी ताटकळत उभ्या राहत आणि दुसऱ्या कोणी वरून पाणी ओतले तर घागर भरे. १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला, त्याला पुष्कळ वर्षे लोटली होती, तरीही. त्या बायांना विचारले असते तर त्यांनी आमच्या काळाला काय म्हटले असते?

इतके बोलल्यावर काकाजी हरले, असे तुम्हाला वाटेल. ते हरले नाहीत, आणि हरायला नकोही होते. ते म्हणाले, "बरं, सारं मानलं. पण नदीचं काय?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. नाग नदीवरून नागपूर हे नाव पडले. पश्चिमेकडे लाव्ह्याच्या टेकड्यांत ती उगम पावते आणि शहर ओलांडून पूर्वेला जाते. तिच्यात पोहलेली, तिच्या काठी धुणे धुतलेली माणसे जुन्या वस्त्यांत होती. आता ती शहराची घाण वाहून नेते. नाकाला पदर लावल्याशिवाय पुलावरून जाववत नाही. पुढे ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. म्हणजे आमच्या शहराची घाण खाली गोसेखुर्द धरणापर्यंत, तुमच्या गावापर्यंत येते. २०२३ च्या सप्टेंबरात एका रात्री धो धो पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि हीच नदी लोकांच्या घरांत शिरली. नदीची जागा आपण खाल्ली होती. हे आपल्याच काळातले पाप आहे, आजोबांच्या काळातले नाही.

बियाण्याचेही तसेच. पूर्वी पेरणीचे बी घरच्या कणगीत असे. आता कपाशीच्या बियाण्याची पिशवी दरसाल विकत आणावी लागते, आणि पीक बुडाले तर पिशवीचे पैसेही बुडतात. विदर्भात किती घरांत यामुळे रडारड झाली, हे तुम्हाला मी सांगायला नको. सावकार पूर्वीही होता. पण बी तरी आपले होते.

मी फळ्यावर लिहिले : नदी, बी. आणि बाजूला लिहिले : जाते, देवी, अंगठा. काकाजींना म्हटले, "या दोन रकान्यांतले तुम्हाला काय परत पाहिजे ते सांगा. पहिल्या रकान्यासाठी आपण सारे मिळून भांडू. पण नातीला दुसऱ्या रकान्यात घालू नका." ते काही बोलले नाहीत. वर्ग सुटला. नवरा-बायको नेहमीसारखी पुढे-मागे चालत गेली.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडायच्या आधीच काकाजी पायरीवर बसलेले. खिशातून त्यांनी चार घड्यांचा कागद काढला. वर्ध्याचा फॉर्म होता. खाली 'पालकाची सही' अशी जागा होती. सुनेची सही चालली असती. पण सुनेनेच तो सासऱ्यांच्या पुढे ठेवला होता. त्यांनी वहीत तीन महिने सही गिरवली होती. खऱ्या कागदावर आजवर कुठे केली नव्हती.

"होस्टेलात पाणी कसं आहे जी?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "चला, दोघे जाऊन बघून येऊ. वर्धा काही लांब नाही."

त्यांनी पेन हातात घेतला. सही करायला पुष्कळ वेळ लागला. एक काना जरा वाकडा झाला. मग पेनाचे टोपण लावत म्हणाले,

"पण नदीचं मी म्हटलं ते खरंच आहे जी, गुरुजी."

"खरं आहे, काकाजी," मी म्हणालो.