ऑनलाइन मॅच आणि बक्षिसाची भानगड

९ एप्रिल २०२२ च्या रात्री साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला ५-४ असं हरवलं आणि दोन दशकांनी महाराष्ट्र केसरीची गदा कोल्हापूर जिल्ह्यात आली. पृथ्वीराज पन्हाळा तालुक्यातल्या देवठाण्याचा. वारणानगरही त्याच तालुक्यात, त्यामुळे ही गदा आपल्याच आळीत आल्यासारखं इथल्या पोरांना वाटलं तर नवल नव्हतं. पण गुलाल धुऊन निघायच्या आत दुसरीच चर्चा सुरू झाली. गदा मिळाली, रोख बक्षीस मात्र मिळालं नाही, असं खुद्द विजेत्यानं माध्यमांना सांगितलं. मग शेवटच्या सेकंदांतल्या गुणांपेक्षा पैसे कुणी द्यायचे होते, यावरच लोक जास्त बोलू लागले.

राज्याच्या सगळ्यात मानाच्या कुस्तीत हे होतं, तर चार पोरांनी मोबाइलवर भरवलेल्या वॉच पार्टीत काय होईल?

बरंच काही होतं. प्रस्तुत लेखकानं असे कार्यक्रम चालवले आहेत. वारणेच्या शाळा-कॉलेजांतून बाहेर पडून पुणे, बेंगळुरू, दुबईला पांगलेले मित्र आणि गावात राहिलेली मंडळी एकाच वेळी एकच मॅच बघतात, प्रत्येक जण आपापल्या घरी. गप्पा व्हॉट्सॲपवर किंवा व्हिडिओ कॉलवर, मध्यंतराला प्रश्नमंजूषा आणि शेवटी लकी ड्रॉ. ऐकायला सोपं आहे. मॅच दाखवणं खरोखर सोपंच असतं. गोंधळ सुरू होतो तो बक्षीस जाहीर झाल्यावर. तोपर्यंत जो नुसता गंमत म्हणून आलेला असतो, त्याला आता निकाल हवा असतो, कारण हवं असतं आणि स्क्रीनशॉटही हवा असतो.

पहिला घोटाळा घड्याळाचा. टीव्हीवरचं प्रक्षेपण आणि ॲपवरचं प्रक्षेपण एका वेळी पोचत नाही. ॲप कित्येक सेकंद, कधी अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं. १८ डिसेंबर २०२२ चा फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. कोल्हापुरात पेठापेठांतून अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे, खेळाडूंचे कटआउट उभे होते. ब्राझील आधीच बाहेर पडल्यानं अर्ध्या शहरानं नाइलाजानं बाजू बदललेली. ऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेनं पेनल्टीवर गोल केला आणि पुढच्या दीड मिनिटात दुसरा. म्हणजे मोबाइलवर बघणाऱ्याच्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेकडे नेला जातोय, तोवर शेजारच्या डीटीएचवाल्या घरात बरोबरी झालेली! अशा वेळी ‘पुढचा गोल कोण करणार? पहिलं बरोबर उत्तर देणाऱ्याला बक्षीस’ असा प्रश्न ग्रुपवर टाकणं म्हणजे ज्याच्या घरी डिश अँटेना आहे त्याला बक्षीस वाटून टाकणं. त्याच स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, २० नोव्हेंबरला, जिओसिनेमावर चित्र अडकत असल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. चित्रच अडकलं, तर बिचारा प्रेक्षक उत्तर देणार कशाचं?

यावर उपाय एकच, आणि तो जुना आहे: उत्तरं मॅच सुरू व्हायच्या आधी घ्यायची. अंदाजाचे सगळे प्रश्न एका गुगल फॉर्मवर टाकायचे आणि शिट्टी वाजायच्या पाच मिनिटं आधी फॉर्म बंद करायचा. बरोबर उत्तरं अनेकांची येतातच, म्हणून बरोबरी फोडायला एखादा आकड्याचा प्रश्न ठेवायचा, एकूण किती कॉर्नर मिळतील, असा. मॅच चालू असताना प्रश्न विचारायचेच असतील, तर ते पडद्यावर अवलंबून नसलेले विचारावेत. पाटाकडील तालीम, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ यांच्या शाहू स्टेडियमवरच्या लढतींवर कोल्हापूरकराला रात्रभर प्रश्न विचारता येतील, आणि तिथं इंटरनेटचा वेग कामाला येत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडू शकते. उत्साही यजमान आपल्या खात्यावर मॅच लावतो आणि स्क्रीन शेअर करून शंभर जणांना दाखवायला निघतो. बहुतेक वेळा ॲपच पडदा काळा करून टाकतं आणि प्रश्न मिटतो. नाही झाला काळा, तरी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३७ आडवं येतं. प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीला त्या प्रक्षेपणावर पंचवीस वर्षांचा हक्क असतो. परवानगीशिवाय ते पुन्हा प्रक्षेपित करणं, किंवा पैसे घेऊन लोकांना दाखवणं हा त्या हक्काचा भंग आहे. यूट्यूबवर असं काही लाइव्ह केलं, तर मॅच संपायच्या आधीच चॅनेल बंद पडण्याची धास्ती. म्हणून खरी वॉच पार्टी तीच, जिथं प्रत्येक जण स्वतःच्या खात्यावर बघतो आणि यजमान फक्त गप्पांचा फड सांभाळतो. कुस्तीची मोठी मैदानं आता यूट्यूबवर थेट दिसतात. वारणेत १३ डिसेंबरला, इथल्या सहकाराचे प्रणेते तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला मैदान भरतं, ते डोळ्यांसमोर आणा. तसल्या मैदानाची लिंक पाठवली की झालं. चित्र उचलून आपल्या पानावर लावायचा मोह टाळावा.

आता पैशाचं. बक्षिसाला पैसे आणायचे कुठून, असा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतो, ‘प्रत्येकी पन्नास रुपये यूपीआय करू या, स्कोअर ओळखेल त्याला सगळे.’ गावात ही कल्पना कुणाला खटकत नाही, कारण गणपतीत, नवरात्रात मोटारसायकलची कुपनं खपताना सगळ्यांनी पाहिलेली असतात. कायद्याच्या नजरेनं मात्र बक्षीस, नशीब आणि भाग घेण्यासाठी मोजलेले पैसे, ही तीन एकत्र आली की ती लॉटरी होते; आणि १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार लॉटरी चालवण्याचा अधिकार फक्त राज्य सरकारांना आहे. त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, त्यानं बंद केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ड्रीम११ सारख्या बड्या कंपनीला पैशांच्या स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या. ग्रुप ॲडमिननं आपण फार लहान मासा आहोत, या भरवशावर राहू नये.

तेव्हा प्रवेश मोफत. पूर्णपणे मोफत. ‘ऐच्छिक वर्गणी’ असली पळवाटही नको. आणि कॉमेंटमध्ये दोघं-तिघं आपसात पैज लावायला लागले, तर त्यांना तिथंच थांबवायचं; तो वेगळा जुगार असतो आणि त्यासाठी १८८७ सालचा जुगारबंदीचा कायदा अजून जिवंत आहे.

मोफत कार्यक्रमाची बक्षिसं बहुतेक वेळा सौजन्यानं येतात. मोबाइलचं दुकान, जिम, मिठाईवाला. प्रस्तुत लेखकाच्या एका कार्यक्रमात एका दुकानदारानं फोनवर हेडफोन कबूल केले, पोस्टरवर त्याचं नाव छापलं गेलं आणि निकालाच्या रात्री त्याचा फोन लागेना. विजेत्याला पोस्टरवर नाव कुणाचं होतं, याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला पोस्टर कुणी पाठवलं, ते माहीत होतं. तेव्हापासून इकडचा रिवाज पक्का आहे: वस्तू कपाटात आली, की मगच पोस्टरवर जाते. कुस्तीच्या मैदानात हे कुणाला शिकवावं लागत नाही. तिथं एखाद्या शौकिनानं इनाम पुकारलं, की निवेदक ते माइकवरून सांगतो आणि नोटा सगळ्यांसमक्ष पैलवानाच्या हातात पडतात. एखादं दुकान माल खपवण्यासाठी स्पर्धा घेत असेल, तर अंतिम निकाल दडवून ठेवणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते, हेही सौजन्यवाल्याच्या कानावर घालून ठेवलेलं बरं.

बक्षीस मोठं असण्याची हौसही आवरावी. टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंडळाला पैठणीचा खेळ सापडला. पुढे २०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’नं अकरा लाखांची पैठणी लावली. स्वप्न पडावं असंच बक्षीस. पण लॉटरी, टीव्हीवरचे खेळ आणि स्पर्धा यांच्या बक्षिसावर प्राप्तिकराचा दर सरळ ३० टक्के आहे. अकरा लाखांवर तो ३ लाख ३० हजार होतो. दहा हजारांवरच्या बक्षिसात हा कर देणाऱ्यानंच कापून भरायचा असतो, आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरला गेल्याची खात्री करूनच ती हातात द्यायची असते. लाखाची दुचाकी जिंकलेल्या पोराला ‘आधी तीस हजार आण’ म्हणून सांगायची वेळ आली, तर त्या फोटोत कुणी हसत नसतं. गावपातळीवरच्या कार्यक्रमानं दहा हजारांच्या बराच खाली राहावं आणि एका मोठ्या बक्षिसाऐवजी दहा लहान ठेवावीत. लोक खूश होतात ते नाव पुकारलं गेल्यानं. प्रेशर कुकर तीन लिटरचा की पाच, याला फारसा अर्थ नसतो.

नियम लिहायचे म्हटलं की पोरं कंटाळतात. पण एका मेसेजमध्ये मावतील एवढे हवेतच: भाग कोण घेऊ शकतं, शेवटची वेळ कोणती, एका नंबरावरून किती उत्तरं, बरोबरी झाली तर काय, मॅच पावसानं रद्द झाली तर काय, आयोजकांच्या घरच्यांना बक्षीस मिळेल का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच ठेवावं. पहिलाच नंबर ॲडमिनच्या मेहुण्याचा निघाला, की सोडत कितीही प्रामाणिक असो, हशा व्हायचा तो होतोच. ‘पोस्ट शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा, बक्षीस जिंका’ ही सगळ्यांची लाडकी अट फेसबुकच्या नियमांत बसत नाही. यूट्यूबलाही स्पर्धा मोफतच असावी लागते आणि नियम लेखी लागतात. सोडत संगणकावर काढली तर शंका येते, म्हणून चिठ्ठ्याच बऱ्या: पातेलं कॅमेऱ्यासमोर, चिठ्ठ्या घड्या घालताना दिसल्या पाहिजेत, आणि उचलायला घरातलं लहान पोर.

विजेत्याचा पूर्ण मोबाइल नंबर ग्रुपवर टाकू नये. नाव, गाव आणि नंबराचे शेवटचे तीन आकडे पुरतात. कारण निकाल लागला, की तासाभरात तिसराच कुणी आयोजकाचा फोटो लावून विजेत्याला मेसेज करू शकतो: अभिनंदन, बक्षीस पाठवण्यासाठी दोनशे रुपये प्रोसेसिंग फी भरा. केबीसीच्या नावानं पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचे मेसेज देशभर फिरले ते याच चालीवर. म्हणून पोस्टरवरच ठळक लिहावं की आयोजक कधीही पैसे किंवा ओटीपी मागणार नाहीत, कुठली फाइल उघडायलाही सांगणार नाहीत. कुणी फसलंच, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरावर लगेच फोन करायचा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. शाळकरी मुलं भाग घेत असतील, तर त्यांची माहिती गोळा करण्याआधी पालकांना विचारावं. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि तो कायदा नसता तरी विचारायला हवंच होतं.

साधन कोणतं वापरावं, याबाबत वारणेला बाहेर शिकायला जायची गरज नाही. १९९८ मध्ये या परिसरातल्या सत्तर गावांत संगणकाचं जाळं विणायचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. ऊस किती टन गेला, बिल किती निघालं, हे शेतकऱ्याला गावातल्याच केंद्रावर कळावं, अशी कल्पना. त्या काळी देशभर तिचं कौतुक झालं. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी इथं येऊन पाहिलं आणि काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवला. शेतकऱ्याला हवी ती माहिती तेवढ्यावर मिळू लागली आणि खर्चही कमी झाला. वॉच पार्टीसाठी नवं ॲप डाउनलोड करायला लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्या मावशींना नेमबाज स्वप्नील कुसाळेचा नेम बघायचा असतो, त्यांना डिस्कॉर्डवर खातं उघडायचं नसतं. व्हॉट्सॲप ग्रुप, एक फॉर्म, आणि आवाजासाठी साधा ग्रुप कॉल पुरतो. १ ऑगस्ट २०२४ ला दुपारी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा स्वप्नील पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन प्रकारांच्या अंतिम फेरीत उभा होता, तेव्हा वार गुरुवार होता. कामावर असलेल्यांनी टेबलाखाली मोबाइल धरून ४५१.४ गुणांचं ब्राँझ बघितलं. अशा वेळी व्हिडिओ कॉलचा आग्रह धरणारा यजमान एकटाच बसतो.

राहता राहिलं बक्षीस पोचवणं, ज्याचा विचार कुणीच आधी करत नाही. आपल्याकडचं काहीतरी द्यावं म्हणून श्रीखंड ठरतं, आणि विजेता निघतो बेंगळुरूचा. कुरिअरमध्ये श्रीखंडाचं काय होतं, ते सांगायला नको. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती देखणीही आहे, पण मापाचा घोळ होतो आणि बदलून द्यायचा खर्च चपलेइतका येतो. गूळ टिकतो, मात्र वजनदार. दुबईला काहीही पाठवायचं तर कुरिअरचं भाडं बक्षिसाच्या वर जातं. म्हणून पोस्टरवरच लिहावं की वस्तू फक्त भारतातल्या पत्त्यावर जाईल, परदेशातल्या विजेत्यानं गावातलं एखादं नाव सुचवावं. पत्ता द्यायला आठ दिवसांची मुदत ठेवावी. नाही आला, तर राखीव यादीतलं पुढचं नाव. आणि कुरिअरची पावती पाकिटात ठेवण्यापेक्षा ग्रुपवर टाकावी, पत्ता झाकून.