पालकवर्गासाठी अनुदानाचा प्रस्ताव

पालकवर्गासाठी अनुदान मागताना ‘पालक उदासीन आहेत’ एवढे लिहून भागत नाही. आपल्या जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावकडील गावे पाहा. दिवाळीच्या सुमारास तेथील अनेक कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलास फडावर न्यावे की आजीजवळ ठेवावे, हा निर्णय घरात त्यापूर्वीच होतो. तेव्हा वर्ग दसऱ्याआधी भरला पाहिजे, व पैसाही तत्पूर्वी हाती पडला पाहिजे. प्रस्तावात प्रथम हेच मांडावे. गतवर्षी किती मुले गेली, किती राहिली, राहिलेल्यांचा सांभाळ कोणी केला, हे हजेरीपट पाहून व घरोघर विचारून लिहावे. अंदाजाचे आकडे तपासणीत टिकत नाहीत.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने केलेला शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा आधार होय. म्हणून ही मागणी आराखड्यात घालून समितीचा ठराव जोडावा. समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालकच असल्याने तो केवळ सहीपुरता नसावा.

‘पालक’ या शब्दात आजी-आजोबा धरले आहेत, असेही स्पष्ट नमूद करावे. सहा महिने मूल त्यांच्याच पदरी असते. आणि एरव्ही त्यांची उपस्थिती कोणत्या रकान्यात दाखवावी, हा प्रश्न मागाहून उभा राहतो.