टेंप टेबल की टेबल व्हेरिएबल: स्वस्त काय पडते?

एसक्यूएल सर्व्हरवर प्रोसिजर लिहिताना मधला डेटा कुठे ठेवायचा, हे बहुतेक जण सवयीने ठरवतात. लायसन्स कोअरच्या हिशेबाने घेतलेले असेल, तर प्रोसेसरचा वाया गेलेला वेळ म्हणजे वाया गेलेला पैसाच.

टेबल व्हेरिएबल मेमरीत राहते, म्हणून ते फुकट, असे अजूनही मुलाखतींत ऐकू येते. तसे नाही. # लावलेले टेंप टेबल आणि @ लावलेले टेबल व्हेरिएबल, दोन्ही टेंपडीबीतच जातात. मेमरी-ऑप्टिमाइझ्ड प्रकार मुद्दाम बनवला, तर गोष्ट वेगळी.

खरी किंमत स्टॅटिस्टिक्समध्ये दडलेली असते. टेंप टेबलवर सर्व्हर ती बनवतो, टेबल व्हेरिएबलवर नाही. २०१७ पर्यंतच्या आवृत्त्यांत ऑप्टिमायझर सहसा धरून चालतो की व्हेरिएबलमध्ये एकच रेकॉर्ड आहे. समजा, तुम्ही त्यात ५०,००० बिल क्रमांक भरले आणि मोठ्या टेबलशी जॉइन केला. एकाच रेकॉर्डच्या अंदाजावर नेस्टेड लूप निवडला जातो, म्हणजे इंडेक्समध्ये ५०,००० वेळा शोध. प्रत्येक शोधाला तीन पाने धरली, तर दीड लाख पाने. पान ८ केबीचे, म्हणजे एक जीबीहून जास्त वाचन, तेही एका रिपोर्टसाठी! २०१९ पासून, कंपॅटिबिलिटी लेव्हल १५० असेल तर, रेकॉर्डची संख्या तरी कळते. कोणत्या कॉलममध्ये कोणती मूल्ये किती, हे तेव्हाही कळत नाही. ऑप्शन रीकंपाइल लावूनही संख्या मिळते, पण मग दर वेळी कंपाइलचा खर्च आला.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: शंभरेक रेकॉर्डच्या पुढे जाणार असाल आणि जॉइन असेल, तर टेंप टेबलच घ्या. टेबल व्हेरिएबलची जागा मात्र पक्की आहे. फंक्शनमध्ये टेंप टेबल चालतच नाही. शिवाय रोलबॅक झाला तरी व्हेरिएबलमधला डेटा टिकतो, त्यामुळे एरर लॉगसाठी त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

सीटीई (कॉमन टेबल एक्सप्रेशन) हा तिसरा पर्याय वाटतो, पण ते काहीच साठवत नाही. एकाच क्वेरीत त्याचे नाव दोनदा घेतले, तर आतली क्वेरीही साधारणपणे दोनदा चालते. जड हिशेब असेल तर तो एकदाच टेंप टेबलात उतरवा.

टेंपडीबी मात्र सगळ्या डेटाबेसांची सामाईक असते; तुमच्या एका प्रोसिजरने ती भरली, तर शेजारचे ॲप्लिकेशनही अडते. म्हणून लागतील तेवढेच कॉलम त्यात घ्या.

निर्णयाआधी सेट स्टॅटिस्टिक्स आयओ ऑन करून दोन्ही प्रकारांची लॉजिकल रीड्स बघा. ॲक्चुअल प्लॅनमध्ये अंदाजी आणि प्रत्यक्ष रेकॉर्ड शेजारी ठेवा. एक विरुद्ध ५०,००० दिसले, की दोष सापडला. टेस्टिंगसाठी डेव्हलपर एडिशन फुकट मिळते. तिच्यावर हे करताना डेटा मात्र प्रॉडक्शनएवढा भरा, दहा रेकॉर्डवर दोन्ही सारखेच धावतात.