बिनतारी संचाचे रुसवे

बिनतारी यंत्र बोलेनासें झालें, कीं बहुतेकांचा हात प्रथम त्याच्या झांकणाच्या स्क्रूकडे जातो. आमचाहि जात असे. परंतु शाळेच्या बिनतारी मंडळांत मुलांबरोबर इतकीं वर्षें काढल्यावर आमचें मत असें झालें आहे, कीं दोष त्या झांकणाच्या आंत क्वचितच असतो. तो तारेंत असतो, सांध्यांत असतो, वीजपुरवठ्यांत असतो, नाहीं तर एखाद्या बटणाच्या मांडणींत असतो. म्हणजे जेथें जेथें आपला स्वतःचा हात लागलेला असतो तेथें तेथें. असा संच मांडावा कसा आणि तो रुसला तर त्याची समजूत घालावी कशी, तें या लेखांत आम्ही विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहों.

रेडिओवर गाणीं ऐकणें ही एकेरी वाट झाली. ज्या संचावरून ऐकतां येतें आणि उलट बोलतांहि येतें, तो दुहेरी बिनतारी संच होय. पोलिसांच्या हातांतील वॉकी-टॉकी याच जातीची. केवळ हौसेनें असे संच चालविणाऱ्यांस जगभर ‘हॅम’ या नांवानें ओळखतात. पालकांपैकीं कित्येकांस हा पोरखेळ वाटतो, म्हणून दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. ज्या आखूड लहरी निरुपयोगी समजून एके काळीं हौशी लोकांच्या वांट्यास टाकून दिल्या होत्या, त्याच लहरींवरून १९२३ च्या नोव्हेंबरांत अमेरिका व फ्रान्स येथील हौशी मंडळींनीं अटलांटिक महासागराच्या आरपार मोर्सच्या भाषेंत परस्परांशीं संभाषण केलें. दुसरी गोष्ट आपल्या देशांतील. २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद या हॅम महिला आपल्या पथकासह अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें हौशी कामासाठींच गेल्या होत्या. २६ तारखेस समुद्र खवळून किनाऱ्यावर आला, टेलिफोन बंद पडले, आणि बेटांवरील माणसांच्या खुशालीचे निरोप त्यांच्या संचावरून मुख्य भूमीवर पोंचूं लागले.

हें काम परवान्यावांचून करतां येत नाहीं. परवाना केंद्र सरकारचें दूरसंचार खातें देतें, व वयाचीं १२ वर्षें पूर्ण झालेल्या मुलामुलींस त्याच्या परीक्षेस बसतां येतें. खालच्या श्रेणीस मोर्स लिपीची परीक्षा नाहीं. विजेचीं मूलतत्त्वें व नियम येवढेंच येणें पुरतें. उत्तीर्ण होणारास ‘व्हीयू’ या अक्षरांनीं सुरू होणारी स्वतःची हांकसंज्ञा मिळते. ती मिळेपर्यंत बोलण्याची कळ दाबावयाची नाहीं. बाजारांत स्वस्त संच विकणारा दुकानदार परवाना विचारीत नाहीं, म्हणून कायदाहि विचारणार नाहीं असें समजणें चुकीचें आहे.

आतां मांडणीकडे वळूं. मोटारींत बसविण्याजोगा ५० वॉटचा संच १३.८ व्होल्टवर चालतो, व बोलतांना सुमारें १० अँपियर प्रवाह ओढतो. ऐकतांना मात्र तो अर्ध्या अँपियरवरहि समाधानी असतो. या फरकांतच पहिला रुसवा दडलेला आहे. समजा, संचापासून वीजपुरवठा ५ मीटरांवर आहे आणि तार १ चौरस मिलिमीटर जाडीची. जाऊन-येऊन तार १० मीटर झाली. तिचा विरोध सुमारें ०.१७ ओहम. १० अँपियर वाहूं लागतांच ओहमच्या नियमानें १.७ व्होल्ट तारेंतच खर्ची पडतात, आणि संचास १२.१ व्होल्टच मिळतात. ऐकूं उत्तम येतें, पण बोलूं लागतांच आवाज चिरकतो किंवा संच विझतो. मीटर लावून पाहणारा विद्यार्थी म्हणतो, ‘व्होल्ट तर पुरे आहेत.’ कारण त्यानें ते संच स्वस्थ असतांना मोजलेले असतात! कळ दाबून धरून मोजावे. दहावीच्या पुस्तकांतील ओहमचा नियम आम्हांस खऱ्या अर्थानें कळला तो या तारेमुळें, महाविद्यालयांत नव्हे.

संचापासून अँटेनापर्यंत जी गोल केबल जाते तिची लांबी शक्य तितकी कमी ठेवावी. आरजी-५८ नांवाची बारीक केबल स्वस्त व वळविण्यास सोपी, म्हणून सर्वजण तीच आणतात. पण १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीवर तिच्या १५ मीटरांत निम्मी शक्ति उष्णता होऊन नाहींशी होते. तेवढीच लांबी आरजी-२१३ या जाड केबलीची घेतली, तर सुमारें तीन-चतुर्थांश शक्ति वर पोंचते. संचासाठीं हजारों रुपये वेंचणारा मनुष्य केबलीपाशीं हात आंखडतो, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे.

अँटेना मात्र विकत घेऊं नये, घरीं करावी. प्रकाशाचा वेग लक्षांत असला म्हणजे हिशेब तोंडीं होतो. ३०० ला १४५ नें भागिलें असतां लहरीची लांबी २.०७ मीटर येते. तिचा चवथा हिस्सा ५२ सेंटिमीटर. धातूंतून जातांना पांच टक्के कमी धरावे लागतात, म्हणून उभी काडी ४९ सेंटिमीटरांची. चार भोकांच्या चौकोनी सॉकेटच्या मधल्या टोंकास ती सोल्डर करावी, आणि भोकांतून ५२ सेंटिमीटरांच्या चार काड्या स्क्रूनें आंवळून छत्रीप्रमाणें खालीं ४५ अंशांत वळवाव्या. हा कोन शोभेसाठीं नाहीं. त्यामुळें अँटेनाचा विरोध केबलीच्या ५० ओहमांशीं जुळतो. तो जुळला नाहीं, तर पाठविलेल्या शक्तीचा कांहीं भाग परत येतो. हें मोजण्याचें जें मीटर मिळतें त्यावर १.५ आंकडा आल्यास चार टक्के शक्ति परतते. २ आल्यास अकरा. ३ आल्यास पंचवीस. दीडाच्या आंत आंकडा आला कीं समाधान मानावें. एकाचा ध्यास धरून दिवसभर काडी कापीत बसलेले व अखेर नवी काडी आणावयास गेलेले विद्यार्थी आमच्या मंडळांत आहेत. अँटेना जोडल्यावांचून कळ कधींहि दाबूं नये; झांकणाच्या आंतला दोष जर कोणत्या चुकीनें उत्पन्न होत असेल तर तो याच.

येथें पालकांनीं लक्ष घालावें. बांबू उभा करावयाची जागा ठरवितांना तो कोणत्याहि बाजूस कोसळला तरी विजेच्या तारेपर्यंत पोंचणार नाहीं इतकें अंतर ठेवावें, आणि हें अंतर मुलांनीं नव्हे, मोठ्या माणसानें पायीं मोजून पाहावें. वळवाच्या दिवसांत आकाश काळवंडूं लागतांच केबल संचापासून काढून घराबाहेर ठेवावी. गडगडाट ऐकूं आल्यावर ती काढावयास जाणें उशिराचें होय.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेंत जातात, म्हणून सर्व मदार उंचीवर. अँटेनाच्या उंचीचे जितके मीटर, त्यांचें वर्गमूळ काढून ४.१२ नें गुणावें, म्हणजे क्षितिज किती किलोमीटरांवर आहे तें कळतें. ९ मीटरांवरून सुमारें १२ किलोमीटर. ३६ मीटरांवरून सुमारें २५. उंची चौपट केली तेव्हां पल्ला दुप्पट झाला. शक्ति वाढविण्यापेक्षां बांबू वाढविणें बरें, असें आम्ही मुलांस सांगतों तें यासाठींच.

हा धडा प्रत्यक्ष दाखवावा म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरांत आम्ही मुलांस घेऊन कळसूबाईस गेलों. महाराष्ट्रांतील हें सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गांवांत एका घराच्या ओसरीवर आम्हीं मुख्य संच मांडला, अंगणांत बांबूवर वर वर्णिलेली अँटेना चढविली, आणि आमचे एक परवानाधारक सहकारी हातांतील संच घेऊन बारा मुलांसह शिखराकडे निघाले. दर अर्ध्या तासानें बोलावयाचें ठरलें होतें. निघण्यापूर्वी दोन्ही संच समोरासमोर तपासून पाहण्याची आमची शिस्त त्या दिवशीं घाईंत मोडली, हें येथेंच कबूल करितों.

साडेनऊ वाजतां आम्हीं हांक दिली. उत्तर नाहीं. दहा वाजतां नाहीं, साडेदहालाहि नाहीं. आमच्याबरोबर आलेले तीन-चार पालक ओसरीवर बसले होते. ते प्रथम थट्टा करीत होते, मग गप्प झाले. मोबाईल फोन त्या चढावर लागेना. आम्हीं एका दमांत बॅटरी बदलली, अँटेना खालीं उतरवून सांधा पुन्हां पिळला, आणि केबलहि दुसरी लावली. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी हें वर्गांत शिकविणारे ते आम्हीच! तीन गोष्टी एकदम केल्यामुळें गुण आला नाहींच, उलट नवा सांधा पहिल्यापेक्षां वाईट तर बसला नाहीं ना, ही शंका जास्तीची पदरांत पडली. एका मुलाच्या आई उठून आमच्या शेजारीं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीं विचारलें कांहीं नाहीं.

नववींतील एक मुलगी सकाळपासून संचासमोर बसून होती. तिला परवाना नव्हता, म्हणून कळेस हात लावण्याची मनाई. ती नुसती पाहत होती. पावणेबाराच्या सुमारास ती म्हणाली, ‘सर, तुम्ही बोलून थांबलांत, कीं थोड्या वेळानें हा हिरवा दिवा लागतो. पण आवाज येत नाहीं.’

हिरवा दिवा लागणें याचा अर्थ लहर येऊन पोंचली आहे. आमच्या अंगावर कांटा उभा राहिला. आदल्या दिवशीं शाळेंत त्याच संचावरून आम्ही पुनःक्षेपकावर बोललों होतों. उंच जागीं ठेवलेलें हें यंत्र दुर्बळ लहर ऐकून ती जोरानें पुन्हां सोडतें, व भलत्याच लहरीस भुलूं नये म्हणून पुष्कळदां त्याला बोलणाराच्या आवाजाखालीं एक मंद सूर लागतो. तो साधारण ६७ ते २५४ हर्ट्झमधला असून कानास जाणवत नाहीं. आम्हीं तो सूर बोलण्यासाठीं लाविला होताच; परंतु चुकून ऐकण्यासाठींहि लाविला होता. म्हणजे ज्या हांकेंत तो सूर नाहीं, ती ऐकूनहि संच तोंड मिटून बसणार. पुनःक्षेपकाच्या लहरींत सूर होता, म्हणून शाळेंत ही चूक कळली नाहीं.

सर्व अडसर दूर करणारी एक कळ प्रत्येक संचास असते. ती आम्हीं दाबली, आणि ओसरीभर आवाज झाला. ‘…शिडीच्या खालीं आहों. पाय मुरगळला आहे, टेकवत नाहीं. माणसें पाठवा.’ साडेदहापासून हा निरोप आमच्या टेबलावर येऊन पडत होता, व आमचाच संच तो गिळीत होता. त्यांना मात्र आमचा प्रत्येक शब्द ऐकूं जात होता. सर उत्तर ऐकून पुन्हां तोच प्रश्न कां विचारतात, याचा त्यांस उलगडा होईना. गांवांतील चौघे जण घोंगडीची झोळी करून वर गेले व सूर्यास्तापूर्वी मुलास घेऊन आले. घोट्याचें हाड तडकलें होतें. सहा आठवडे प्लास्टर राहिलें. मुलगा ज्यांचा, त्या बाई आमच्याशेजारीं उभ्या होत्या त्याच. ओसरीवरून उठतांना त्यांनीं त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरविला. आमच्याशीं त्या दुसऱ्या दिवशीं बोलल्या. त्या मुलीस पुढें परवाना मिळाला.

तेव्हांपासून आम्ही पुढील क्रम पाळतों. संच मुका झाला तर प्रथम अडसर दूर करणारी कळ. खरखर ऐकूं आली तर ग्राहकाचा मागचा भाग जिवंत आहे. मग बाहेरची अँटेना काढून संचाबरोबर आलेली आखूड काडी लावावी. जवळचा हॅम आतां ऐकूं आला तर दोष वर बांबूकडे. तेथें दोष बहुधा पाण्याचा असतो. पावसाळ्यांत उघड्या सांध्यांतून पाणी केबलींत शिरतें, तिची तांब्याची जाळी काळी पडते, आणि तसली केबल कितीहि वाळविली तरी सुधारत नाहीं. काळी पडलेली सर्व लांबी कापून टाकावी. नव्या सांध्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी. कळ दाबल्यावर आवाज पोंचत नसेल, तर अँटेनाच्या जागीं ५० ओहमांचा खोटा भार लावून पाहावें. त्यावर मीटर ठीक दिसलें कीं संच निर्दोष.

४० मीटर पट्ट्यावर बोलणारांचा रुसवा निराळाच. तेथें सुमारें २० मीटर तार मधोमध तोडून दोन झाडांमध्यें ताणली कीं अँटेना झाली, आणि रात्रीं शेंकडों मैलांवरील माणसें बोलूं लागतात. पण घरोघरीं एलईडी दिवे व मोबाईलचे चार्जर आल्यापासून त्यांची करकर त्यांच्या आवाजांवर कुरघोडी करते. शोधण्याचा उपाय सोपा आहे. संच बॅटरीवर लावून घराचें मुख्य बटण बंद करावें. करकर थांबली तर चोर घरांतच. मग एकेक बटण पुन्हां लावीत जावें. आमच्या घरीं मुख्य बटण बंद करूनहि ती थांबेना. शेवटीं जिन्यांतील दिव्यावर संशय गेला व तो खरा ठरला. तो बदलण्यास आठ महिने लागले, कारण दिवा शेजाऱ्यांचा होता, आणि तो तर उत्तम लागतो असें त्यांचें म्हणणें होतें.