270 रुपयांचा चषक

सामान्यज्ञानाच्या परीक्षेत 'कलकत्ता कप' कोणत्या खेळाचा, असा प्रश्न आला की पुष्कळ मुले फुटबॉल लिहून येतात. उत्तर आहे रग्बी. हा चषक इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सामन्याचा आहे, पण त्याची चांदी आपल्या देशातली.

25 डिसेंबर 1872 रोजी, नाताळच्या दिवशी, कोलकात्यात (तेव्हाचे कलकत्ता) तिथल्या गोऱ्या रहिवाशांनी एक सामना खेळला. एका बाजूला इंग्लंडचे 20 जण, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्सचे मिळून 20. रग्बीत लंबगोल चेंडू हातात घेऊन पळता येते, मात्र हाताने तो पुढे फेकता येत नाही, मागे किंवा बाजूलाच द्यावा लागतो. लोकांना खेळ इतका आवडला की आठवड्याभरात तो पुन्हा झाला. लगेच जानेवारी 1873 मध्ये 'कलकत्ता फुटबॉल क्लब' स्थापन झाला. नाव फुटबॉलचे आणि खेळ रग्बीचा, कारण त्या काळी दोन्ही खेळांना फुटबॉलच म्हणत. क्लब उभारण्यात इंग्लंडच्या रग्बी स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. (खेळाला नाव त्याच शाळेवरून पडले.) 1874 साली क्लब इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियनचा सभासदही झाला.

पहिले वर्ष जोरात गेले. पुढे मात्र ओहोटी लागली. क्लबमध्ये सभासदांना मद्य फुकट मिळत असे, ते बंद होताच सभासद घटले! आता अशा सभासदांविषयी काय बोलावे? खेळाडूंचा भरणा असलेली लष्करी पलटणही शहरातून हलली. शिवाय बंगालच्या उकाड्यात रग्बीपेक्षा पोलो आणि टेनिस लोकांना जास्त मानवू लागले.

शेवटी क्लब बंद करायचे ठरले. बँकेत शिल्लक होती. संस्था मोडताना उरलेल्या पैशावरून किती कटुता येते, हे आपल्या विश्वस्त मंडळींना वेगळे सांगायला नको. इथे जेम्स रॉथनी या गृहस्थांनी निराळा मार्ग सुचवला. ते क्लबचे कप्तान, चिटणीस आणि खजिनदार, तिन्ही होते. शिल्लक चांदीच्या रुपयांत काढावी, ते गाळून भारतीय कारागिरीचा चषक घडवावा आणि तो युनियनला द्यावा, असे त्यांनी मांडले. हे सर्वांना पटले.

असे 270 रुपये गाळले गेले. मुलांनी इथे थोडे गणित करावे. तेव्हाचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. म्हणजे नाणी भरली सुमारे 3 किलो 150 ग्रॅम. त्यांतून साधारण 45 सेंटिमीटर उंचीचा चषक तयार झाला. त्याला नागांचे तीन कान आहेत आणि झाकणावर हत्ती.

10 मार्च 1879 रोजी एडिनबरोला या चषकाचा पहिला सामना झाला, तो बरोबरीत सुटला. 1880 साली मँचेस्टरला इंग्लंड जिंकले. महायुद्धांचा काळ आणि इतर काही वर्षे सोडली तर सामना पुढे चालूच राहिला. 1988 साली मात्र खेळाडूंनीच रात्री एडिनबरोच्या रस्त्यावर चषक लाथाडून पार चेपवला. तो दुरुस्त करावा लागला.

कोलकात्यात रग्बी 1884 साली पुन्हा सुरू झाली. 1965 मध्ये फुटबॉल क्लब तिथल्या क्रिकेट क्लबात विलीन झाला. ती संस्था 'कलकत्ता क्रिकेट अँड फुटबॉल क्लब' या नावाने आजही आहे, आणि तिथे रग्बी खेळली जाते.