चेंडूची शिवण आणि न्यायाची कसोटी

ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृहात सामने होतात, कल्याणच्या सुभाष मैदानावर होतात आणि डोंबिवलीच्या गल्ल्यांतून तर रोजच होतात. जेथे सामना तेथे तंटा, हेही ठरलेलेच. ‘चेंडू मुद्दाम खराब केला’, ‘टेप सोलली’ असा आरोप झाला की दोन्ही बाजू आवाज चढवतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा न्याय खरा ठरतो. मैदानावरची ही सवय पुढे मैदानापुरती राहत नाही. कचेरीत, सोसायटीच्या सभेत, पंचायतीत कोणावर आरोप झाला की आपण तसेच वागतो. म्हणून आरोपाचा विचार कसा करावा, हे क्रिकेटमधील एका गाजलेल्या प्रकरणाच्या आधारे पाहू.

नियम आणि त्याचे कारण

क्रिकेटच्या चेंडूचे वजन सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम असते. त्याच्या मधोमध दोऱ्याची उंचावलेली शिवण असते. गोलंदाज एक बाजू पुसून चकचकीत ठेवतात, दुसरी खेळता खेळता खडबडीत होते. दोन्ही बाजूंवरून हवा निरनिराळ्या रीतीने वाहते आणि चेंडू हवेत वळतो. शिवण उचलली किंवा पृष्ठभाग खरवडला, तर हे वळण कृत्रिम रीतीने वाढवता येते. म्हणून कसोटी क्रिकेटचा नियम असा, की चेंडू घासून चमकवावा, पण त्यासाठी कोणताही बाहेरचा पदार्थ वापरू नये. ओला चेंडू फडक्याने कोरडा करावा. मात्र चेंडूला लागलेला चिखल काढायचा असेल तर तो पंचांच्या देखरेखीखाली काढावा. या शेवटच्या अटीवरच पुढचे सारे रामायण घडले.

पोर्ट एलिझाबेथ, २००१

नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथ येथे भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात दुसरी कसोटी झाली. मुंबईचा सचिन तेंडुलकर चेंडूच्या शिवणीवर बोटे फिरवीत असल्याचे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने टिपले. मैदानावरील पंचांनी तक्रार केलेली नव्हती. तरीही सामनाधिकारी माईक डेनिस यांनी त्या चित्रणावरून त्याला एका कसोटीच्या बंदीची शिक्षा दिली आणि ती स्थगित ठेवली. याच सामन्यात अवाजवी अपील केल्याबद्दल वीरेंद्र सेहवागला एका कसोटीची प्रत्यक्ष बंदी झाली. हरभजन सिंग, शिवसुंदर दास आणि दीप दासगुप्ता यांनाही अपिलांबद्दल, तर संघ आवरला नाही म्हणून कर्णधार सौरव गांगुलीला स्थगित शिक्षा मिळाली. सहाही जणांचे ७५ टक्के मानधन कापण्यात आले.

देशात संतापाची लाट उसळली. संसदेत आवाज उठला, वर्णद्वेषाचा आरोप झाला. डेनिस पत्रकारांसमोर आले, परंतु नियमांचे कारण सांगून त्यांनी प्रश्नांना उत्तरे दिली नाहीत. पुढच्या सेंच्युरियन कसोटीत डेनिस नकोत, असा आग्रह भारतीय मंडळाने धरला. यजमानांनी तो मान्य करून डेनिस लिंडसे यांना सामनाधिकारी नेमले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या सामन्याची अधिकृत मान्यताच काढून घेतली.

तीन वेगळे प्रश्न

या वादात तीन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले. पहिला प्रश्न कृतीचा: खेळाडूने नेमके काय केले? दुसरा नियमाचा: ती कृती कोणत्या कलमात बसते? तिसरा रीतीचा: चौकशी आणि शिक्षा न्याय्य पद्धतीने झाली काय?

कृतीविषयी फारसा वाद नव्हता. शिवणीत अडकलेले गवत आणि माती आपण काढत होतो, असे तेंडुलकरचे म्हणणे होते. नियमाच्या बाबतीत अखेर उरला तो मुद्दा एवढाच, की ही सफाई पंचांच्या देखरेखीवाचून झाली. फसवणुकीच्या हेतूने चेंडू बिघडवणे आणि परवानगीवाचून तो साफ करणे यांत फार मोठे अंतर आहे. खरी त्रुटी तिसऱ्या प्रश्नात होती. ज्यांच्या डोळ्यांसमोर चेंडू होता त्या पंचांची तक्रार नाही, दोष नेमका कोणता हे लोकांना स्पष्ट नाही आणि निर्णय देणारा कारणे सांगत नाही. अशा निर्णयावर विश्वास बसत नाही, मग तो नियमाला धरून असला तरी.

पण आपल्याकडील प्रतिक्रियाही तपासली पाहिजे. ‘रीत चुकली’ असे म्हणणारे थोडे होते. ‘सचिन असे करूच शकत नाही’ असे म्हणणारे अगणित. हे दुसरे विधान पुरावा नव्हे, ती भक्ती आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. खेळाच्या मैदानावरही तो धोका तितकाच खरा आहे. एखाद्याच्या मोठेपणावरून त्याला निर्दोष ठरवणारा समाज उद्या एखाद्याच्या लहानपणावरून त्याला दोषी ठरवील. ही दोन्ही तोंडे एकाच सापाची आहेत, हे आपल्या समाजाने फार सोसून जाणले आहे.

तुलनेसाठी दोन प्रकरणे

जानेवारी २००४ मध्ये ब्रिस्बेन येथे झिम्बाब्वेविरुद्धच्या सामन्यात मराठी घरातल्या राहुल द्रविडने तोंडातील खोकल्याच्या गोळीचा अंश चेंडूला लावल्याचे चित्रणात दिसले. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी त्याचे निम्मे मानधन कापले. ही कृती बाहेरचा पदार्थ वापरण्याच्या स्पष्ट मनाईत येत होती. तरी २००१ सारखा भडका उडाला नाही. दंड झाला, खेळ पुढे गेला आणि द्रविडच्या प्रतिष्ठेलाही कायमचा डाग लागला नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकी फुटबॉलचे. १८ जानेवारी २०१५ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सने इंडियानापोलिस कोल्ट्सला ४५–७ असे हरवले. मध्यंतरात तपासले तेव्हा पेट्रियट्सच्या चेंडूंतील हवेचा दाब ठरलेल्या १२.५ ते १३.५ पौंड प्रति चौरस इंच या मर्यादेपेक्षा कमी आढळला. थंडीत हवेचा दाब आपोआप उतरतो, त्यामुळे निसर्ग किती आणि माणूस किती, यावर शास्त्रज्ञांतही वाद झाला. विशेष म्हणजे मध्यंतरानंतर, हवा भरलेल्या चेंडूंनी खेळतानाच, पेट्रियट्सने ४५ पैकी २८ गुण मिळवले. तरीही प्रमुख खेळाडू टॉम ब्रेडीला चार सामन्यांची बंदी झाली. खालच्या न्यायालयाने ती उठवली, वरच्या न्यायालयाने पुन्हा लागू केली. लाभ झाला नाही म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही आणि दाब कमी भरला म्हणून हेतू सिद्ध होत नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात.

किंमत कोणी मोजली?

तेंडुलकरची कीर्ती अबाधित राहिली, मंडळाची ताकद वाढली. किंमत मोजली ती बडोद्याचा सलामीवीर कॉनर विल्यम्स याने. सेंच्युरियनला तो भारतासाठी खेळला. पण तो सामना कसोटी म्हणून गणलाच गेला नाही आणि त्याला पुन्हा कधी संधीही मिळाली नाही. म्हणून अधिकृत नोंदवहीत तो कसोटीपटू नाही. मोठ्यांच्या भांडणात नियमाची चौकट मोडली की पहिला बळी जातो तो ज्याच्यामागे गर्दी नाही त्याचा. दुबळ्या माणसाला नियमाची गरज बलवानापेक्षा अधिक असते, ती याचसाठी.

विद्यार्थ्यांसाठी

वादसभेत किंवा मैदानावर आरोप होईल तेव्हा आधी कृती, मग नियम, मग रीत अशा क्रमाने विचार करा. आरोपी आपल्या संघाचा असता तर आणि समोरच्या संघाचा असता तर, अशा दोन्ही कल्पना करून पाहा. उत्तर बदलले, तर तुमचा निर्णय अजून झालेला नाही असे समजा. आरोपीला बोलू द्या आणि शिक्षा देताना कारण सांगा. पालकांनीही घरी सामना पाहताना मुलांना एवढा एकच प्रश्न विचारावा: ‘हे तू कशावरून म्हणतोस?’